जोसेफ ब्रामा

जोसेफ ब्रामा (१३ एप्रिल, १७४८ – ९ डिसेंबर, १८१४) हे इंग्लिश संशोधक, कुलूपनिर्माते व यंत्रकार होते. १७९५ साली त्यांनी हायड्रॉलिक प्रेस अर्थात द्रवदाब यंत्राचे पेटंट घेतले. द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या आजच्या यंत्रसामग्रीचा आरंभ सामान्यतः या यंत्रापासून मानला जातो. हे यंत्र प्रत्यक्ष उपयोगात आणण्यातील मुख्य अडचण पाण्याच्या गळतीची होती. ती दूर करण्यासाठी ब्रामा यांच्या कारखान्यात वापरली गेलेली चामड्याची स्वयंघट्ट कडी हे यंत्रशास्त्राच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पाऊल ठरले.

प्रारंभिक जीवन

ब्रामा यांचा जन्म इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील बार्न्सली गावाजवळील स्टेनबरो येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ आडनाव ब्रॅमर असे होते. ब्रामा हे रूप त्यांनी पुढे स्वीकारले. शेती करण्याचाच त्यांचा मार्ग ठरलेला होता. परंतु वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास पायाला झालेल्या दुखापतीमुळे त्यांना कायमचे लंगडेपण आले आणि शेतीची कष्टाची कामे अशक्य झाली. त्यामुळे त्यांनी गावातील सुताराकडे उमेदवारी केली. उमेदवारी संपल्यानंतर ते लंडनला गेले व तेथे लाकडी सामान बनविण्याचे काम करू लागले. १७८३ मध्ये त्यांचा विवाह मेरी लॉटन यांच्याशी झाला.

शौचकूप व कुलूप

लंडनमध्ये घरोघरी पाण्याचे शौचकूप बसविण्याचे काम करीत असताना अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेतील दोष त्यांच्या लक्षात आले. त्या रचनेतील सरकती झडप थंडीत गोठून अडकत असे. ब्रामा यांनी तिच्या जागी बिजागरीवर उघडझाप करणारी झडप बसविली आणि १७७८ मध्ये या सुधारणेचे पेटंट मिळविले. झडप घट्ट मिटली पाहिजे, पण अडकता कामा नये, हाच प्रश्न पुढे त्यांना अधिक कठीण स्वरूपात हाताळावा लागला.

१७८४ मध्ये त्यांनी नव्या प्रकारच्या कुलपाचे पेटंट घेतले. नळीच्या आकाराच्या किल्लीने उघडणारे हे कुलूप त्या काळी अभेद्य समजले जाई. पिकॅडिली येथील दुकानाच्या खिडकीत असे एक कुलूप मांडून, ते किल्लीशिवाय उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस जाहीर करण्यात आले होते. ब्रामा यांच्या हयातीत हे आव्हान कोणासही पेलता आले नाही. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने अनेक दिवसांत विभागलेल्या सुमारे ५१ तासांच्या प्रयत्नांनंतर ते उघडले.

कुलपाचे सुटे भाग अतिशय अचूक मापाचे असणे आवश्यक होते व हाताने ते घडविणे खर्चिक पडे. त्यासाठी १७८९ मध्ये ब्रामा यांनी वुलविच येथील शस्त्रागारातील हेन्री मॉडस्ले या १८ वर्षांच्या तरुणाला कामावर घेतले. मॉडस्ले यांनी कुलपांचे भाग कातणारी यंत्रे तयार केली आणि लवकरच ते कारखान्याचे प्रमुख कारागीर बनले.

हायड्रॉलिक प्रेस

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात मांडला होता. लहान दट्ट्याचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर व मोठ्या दट्ट्याचे १०० चौरस सेंटिमीटर असल्यास, लहान दट्ट्यावर दिलेल्या १० किलो भाराने मोठ्या दट्ट्यावर १,००० किलोचा भार तोलता येतो. मात्र त्या प्रमाणात लहान दट्ट्याला अधिक अंतर चालावे लागते. हा नियम ज्ञात असूनही सुमारे १५० वर्षे त्यावर आधारलेले कारखान्यात चालणारे यंत्र तयार झाले नव्हते.

याचे कारण गळती हे होते. मोठा दट्ट्या सिलिंडरमध्ये वर-खाली सरकण्यासाठी दोहोंमध्ये थोडी फट ठेवावीच लागते आणि दाब वाढताच त्या फटीतून पाणी बाहेर पडते. पाणी बाहेर गेले की दाब टिकत नाही व यंत्राचा उपयोग राहत नाही. आरंभी ही फट तागासारखे भरण दाबून बंद करण्याचा प्रयत्न झाला. परंतु भरण गळती थांबण्याइतके घट्ट केले, तर ते दट्ट्याला इतके आवळून धरी, की दाब काढून घेतल्यावरही दट्ट्या खाली येत नसे. सैल केले, तर पाणी वाहू लागे.

यावर सापडलेला उपाय चामड्याच्या कडीचा होता. ही कडी उलट्या पन्हळीसारखी दुमडलेली असून तिची उघडी बाजू दाबाच्या पाण्याकडे ठेवलेली असते. पाणी दुमडीत शिरले की तिची एक कड दट्ट्यावर व दुसरी सिलिंडरच्या भिंतीवर दाबली जाते. दाब जितका वाढतो तितकी कडी अधिक घट्ट बसते आणि दाब कमी होताच ती सैल पडून दट्ट्याला परत येऊ देते. ज्या दाबामुळे गळती होत असे, तोच दाब या रचनेत गळती रोखण्यासाठी वापरला गेला.

श्रेयाचा प्रश्न

१७९५ चे पेटंट ब्रामा यांच्या नावावर असले, तरी स्वयंघट्ट कडीची कल्पना मॉडस्ले यांची होती, असे मानणारी परंपरा आहे. सॅम्युअल स्माइल्स यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंडस्ट्रियल बायोग्राफी या ग्रंथात मॉडस्ले यांनाच हे श्रेय दिले आहे. पुढे मॉडस्ले यांच्या हाताखाली काम केलेले जेम्स नॅस्मिथ यांचेही मत तसेच होते. १७९७ मध्ये मॉडस्ले यांनी आठवड्याला ३० शिलिंग या वेतनात वाढ मागितली. ब्रामा यांनी ती नाकारल्यामुळे ते कारखाना सोडून गेले. त्यानंतर त्यांनी स्वतःचा कारखाना काढला आणि इंग्लंडच्या यंत्रनिर्मिती क्षेत्रातील अग्रगण्य व्यक्ती म्हणून ख्याती मिळविली. त्यामुळे ब्रामा यांच्या चरित्रात मॉडस्ले यांचा उल्लेख अपरिहार्य मानला जातो.

इतर कार्य

ब्रामा यांनी आयुष्यात १८ पेटंटे मिळविली. तळघरातील पिंपातून बिअर वर खेचणारा हातपंप, लाकूड रंधणारे यंत्र व शाईचे पेन यांचा त्यांच्या शोधांत समावेश होतो. बँक ऑफ इंग्लंडसाठी त्यांनी १८०६ मध्ये नोटांवर क्रमांक छापणारे यंत्र तयार केले. वाफेच्या इंजिनाच्या पेटंटवरून झालेल्या खटल्यात त्यांनी जेम्स वॅट यांच्या विरोधात साक्ष दिली व त्या विषयावर १७९७ मध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली.

मृत्यू

१८१४ च्या अखेरीस हॅम्पशायरमधील होल्ट येथील जंगलात हायड्रॉलिक प्रेसच्या साहाय्याने झाडे मुळासकट उपटण्याचे काम चालू होते. त्यावर देखरेख करीत असताना ब्रामा यांना थंडी बाधली. आजार बळावून ९ डिसेंबर, १८१४ रोजी त्यांचे निधन झाले. पॅडिंग्टन येथील सेंट मेरी चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले.

महाराष्ट्रातील प्रसार

एकोणिसाव्या शतकात ब्रामा यांच्या यंत्राची विविध रूपे मुंबई इलाख्यात आली. कापसाच्या गाठी बांधण्यासाठी मुंबईत हायड्रॉलिक प्रेस वापरल्या जाऊ लागल्या. गाठ जितकी घट्ट, तितका जास्त कापूस जहाजात मावत असल्याने निर्यातीच्या व्यापारात या यंत्राला महत्त्व होते. मुंबई बंदरातील हॉग आयलंड या बेटावर दुरुस्तीसाठी जहाजे पाण्याबाहेर उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट उभारण्यात आली होती.

चामड्याच्या कडीचे जवळचे नातेवाईक म्हणता येईल असे वॉशर महाराष्ट्राच्या खेड्यांतील हातपंपांतही दिसते. जालना व सोलापूर येथे विकसित झालेल्या हातपंपांच्या अनुभवातून पुढे इंडिया मार्क टू हा हातपंप तयार झाला. त्याच्या दट्ट्यावर आरंभी वाटीच्या आकाराचे चामडी वॉशर असत. कालांतराने त्यांची जागा नायट्राइल रबराच्या वॉशरनी घेतली.

आधुनिक यंत्रांतील गळती व दुरुस्ती

विसाव्या शतकात पाण्याऐवजी तेल आणि चामड्याऐवजी कृत्रिम रबर व पॉलियुरेथेन वापरात आले. १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यानंतर रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात, जासई गावाच्या परिसरात, माल हाताळणी, भराव व बांधकामाची कामे वाढली. अशा कामांवर चालणाऱ्या छोट्या लोडरची बकेट ज्या सिलिंडरमुळे वर उचलली जाते, त्याच्या तोंडाशी असलेले सील ब्रामा यांच्या कारखान्यातील कडीच्याच तत्त्वावर काम करते. या यंत्रांतील तेलाचा दाब साधारणपणे २०० बारच्या आसपास असतो.

गळती दोन प्रकारची असते. सिलिंडरच्या तोंडाशी, होज पाइपवर किंवा जोडावर तेल दिसल्यास ती बाह्य गळती होय. सिलिंडरच्या आत दट्ट्यावरील सील झिजल्यास तेल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते, पण बाहेर थेंबही दिसत नाही. अशा वेळी उचललेली बकेट हळूहळू खाली येऊ लागते. हेच लक्षण नियंत्रण झडपेतील दोषामुळेही दिसू शकते. म्हणून सिलिंडर उघडण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे तपासावे लागते. धुळीमुळे व किनाऱ्यावरील खाऱ्या हवेमुळे रॉडवर ओरखडे अथवा गंजाचे खड्डे पडतात आणि ते प्रत्येक फेरीत सीलची कड कापतात. अशा रॉडवर नवे सील बसविले, तरी गळती लवकरच परत सुरू होते. त्यामुळे सील बदलताना रॉड सरळ व गुळगुळीत आहे की नाही हे पाहणे आवश्यक असते. सील उलटे बसल्यास दाब त्याच्या दुमडीत शिरत नाही व ते निकामी ठरते.

गळतीची जागा शोधण्यासाठी आधी तेलकट धूळ पुसून यंत्र थोडा वेळ चालवितात आणि ताजे तेल कोठे येते ते पाहतात. सूक्ष्म छिद्रातून उडणारी तेलाची धार डोळ्यांना दिसत नाही, मात्र ती त्वचा भेदून शरीरात शिरू शकते. जखम बाहेरून लहान दिसली, तरी त्वरित शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमावण्याचा धोका असतो. म्हणून गळती हाताने चाचपणे धोकादायक असून त्यासाठी पुठ्ठा किंवा लाकडाचा तुकडा वापरतात. दुरुस्तीपूर्वी बकेट जमिनीवर टेकवून इंजिन बंद करणे व वाहिन्यांत अडकलेला दाब काढून टाकणे गरजेचे असते.

वारसा

१८४९ मध्ये वेल्समधील ब्रिटानिया पुलाचे अवाढव्य लोखंडी नळ हायड्रॉलिक प्रेसने उचलण्यात आले. विल्यम आर्मस्ट्राँग यांच्या हायड्रॉलिक याऱ्यांनी हेच तत्त्व जगभरातील बंदरांत नेले. वाहनांचे ब्रेक, उत्खनन यंत्रे व विमानांची चाके यांत ते आजही वापरले जाते. ब्रामा यांचे आव्हानाचे कुलूप लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जतन केलेले आहे.