नादकाट्याचा माणूस

जुन्या गाडीतून कसला तरी आवाज येतोय, पण कुठून ते कळत नाही? मग मिस्त्रीकडे जायच्या आधी एका माणसाला भेटा. त्याने आयुष्यात एकही मोटारसायकल बनवली नाही.

यामाहाचं गोल चिन्ह तुम्ही हजार वेळा बघितलं असेल. आता एकदा नीट बघा. मधून बाहेर गेलेले तीन काटे आणि प्रत्येकाला दोन-दोन पाती. शाळेच्या प्रयोगशाळेत रबरी हातोडीने ठोकून वाजवायचो तो नादकाटा, तोच हा. तीन नादकाटे एकमेकांत गुंफलेले. मोटारसायकलवर सूर लावायचं साधन कशाला, असा प्रश्न पडायला हवा. बहुतेकांना पडत नाही.

त्याचं उत्तर म्हणजे तोराकुसू यामाहा. हो, यामाहा हे एका माणसाचं आडनाव आहे.

तोराकुसूचा जन्म १८५१ चा, जपानमधल्या आजच्या वाकायामा भागातला. घराणं सामुराईंचं, पण वडिलांचं काम तलवारीचं नव्हतं. ते तिथल्या सरदार घराण्याचे खगोल अभ्यासक. त्यामुळे घरात पुस्तकं आणि यंत्रं होती. पोरगा त्यात रमला. विशीत तो नागासाकीला गेला आणि घड्याळाचं काम शिकला. मग वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करायला लागला. याच कामाच्या निमित्ताने हामामात्सु नावाच्या गावात आला आणि तिथेच राहिला. कंपनी नाही, भांडवल नाही. काही बिघडलं की बोलवायचा माणूस, बस्स.

१८८७ साली तिथल्या प्राथमिक शाळेतला ऑर्गन बिघडला. ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकात वाजायचा तो, पायाने भाता मारायचा आणि हाताने पट्ट्या दाबायच्या. अमेरिकेहून आलेला, महागाचा. गावात तो उघडून बघायची कुणाची हिंमत नव्हती, म्हणून घड्याळवाल्याला बोलावलं. तोराकुसूने असलं यंत्र आधी कधी उघडलेलं नव्हतं. तरी त्याने शोधून काढलं की आतल्या दोन स्प्रिंगा तुटल्यात. एवढंच! अख्खा ऑर्गन ठीक होता.

दुसरा कुणी असता तर स्प्रिंगा बसवून, पैसे घेऊन घरी गेला असता. याने आतल्या सगळ्या भागांची चित्रं काढून घेतली. किसाबुरो कावाई नावाचा धातूकाम करणारा कारागीर सोबत घेतला आणि दोघांनी जवळपास दोन महिने खपून स्वतःचा ऑर्गन बनवला. लाकूड छान, जोडकाम छान, भाता छान. वाजवून दाखवला, तर जाणकारांनी नाकं मुरडली.

आता खरा भाग. गावातल्या लोकांचा शब्द शेवटचा मानायचा नाही, असं ठरवून या दोघांनी तो ऑर्गन बांबूला बांधला आणि खांद्यावर घेऊन तोक्योला निघाले. वाटेत हाकोनेचा घाट. अंतर सुमारे २५० किलोमीटर. म्हणजे क्रांती चौकातून पेटी खांद्यावर घ्यायची आणि पुण्याच्याही थोडं पुढे जाऊन उतरवायची. पायी.

तोक्योच्या संगीत संस्थेत शुजी इझावा प्रमुख होते. त्यांनी ऑर्गन तपासला. निकाल हामामात्सुचाच लागला: बांधणी उत्तम, सूर चुकलेले. ३६ वर्षांचा माणूस, सगळं पणाला लावून, डोंगर ओलांडून आलेला, आणि हे ऐकायला मिळालं. पण इझावांनी त्याला परत पाठवलं नाही. संस्थेत बसून शिकायला सांगितलं. तोराकुसूने महिनाभर संगीतशास्त्राचे धडे गिरवले.

तिथे त्याला आपली चूक कळली. हात पक्का होता, डोळा पक्का होता, पण कानाला तुलना करायला काहीच नव्हतं. कुठला सूर बरोबर हे माहीत नसेल तर चुकलेला सूर कसा सापडणार? गावी परतल्यावर तो नादकाटा जवळ बाळगायला लागला. एक-एक सूर त्याच्याशी ताडून त्याने दुसरा ऑर्गन बनवला आणि तो परदेशी ऑर्गनच्या तोडीचा ठरला.

हा माणूस तुमच्या कामाचा आहे तो इथे. आपल्या शहरात गाड्यांचं वेड नवं नाही. वाळूजचा बजाजचा कारखाना १९८५ चा. त्याच वर्षी यामाहाची आरएक्स १०० भारतात आली आणि १९९६ मध्ये बंदही झाली. म्हणजे सगळ्यात तरुण आरएक्ससुद्धा आज कदाचित तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे. काकांची, मामांची, बाबांच्या कॉलेजातली. तिच्यातून खडखड, कटकट, घरघर येणारच. प्रॉब्लेम आवाजाचा नाही, घाईचा आहे. आवाज आला की आपण थेट इंजिन उघडायला लावतो, हजारो रुपये जातात, आणि शेवटी निघते काय, तर झिजलेली चेन. उलटंही होतं. काही नाही रे, जुनी गाडी आहे, म्हणून चालवत राहतो, आणि एक दिवस दौलताबादच्या घाटात चेन उतरून अडकते आणि मागचं चाक लॉक होतं. ही गंमत नाही.

तेव्हा आधी आपला नादकाटा तयार करा. तशीच पण ठणठणीत असलेली गाडी शोधा, तिचा आवाज ऐका, मोबाइलमध्ये घ्या. टू-स्ट्रोक एअरकूल्ड इंजिनाला थोडी धातूची किणकिण असतेच, तिला आजार समजू नका.

मग ऑर्गनसारखं एक-एक भाग वगळत जा. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन स्लोवर. खडखड येतेय आणि क्लच दाबला की थांबतेय? मग संशय क्लच हाउसिंगवर किंवा गिअरबॉक्सच्या क्लचकडच्या शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर क्लच सोडवणारा भाग बघायला सांगा. उभ्या गाडीत काहीच नाही, पण चालताना फक्त एकाच गिअरमध्ये घरघर येते? मग त्याच गिअरच्या दातांवर संशय. आणि अॅक्सिलरेटर सोडताना-पिळताना ठक् असा धक्का बसत असेल तर ढिली चेन किंवा मागच्या ड्रममधली झिजलेली रबरं. ती रबरं फार महाग नसतात, पण ती बघायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

मिस्त्री लोक लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या केसिंगवर टेकवून मूठ कानाला लावतात, ते बघितलंय? तो त्यांचा स्टेथोस्कोप. आवाज कुठे जास्त येतो ते कळतं. तुम्हीही करा, फक्त फिरणाऱ्या कुठल्याही भागापासून लांब.

आणि तोराकुसूचं पुढे काय झालं? १८८९ मध्ये त्याने ऑर्गनची कंपनी काढली, १८९७ मध्ये तिची निप्पोन गाक्की झाली. नाव अगदी सरळ: जपानी वाद्यं. १८९९ मध्ये तो अमेरिकेला जाऊन पियानोचे कारखाने बघून आला आणि पुढच्याच वर्षी जपानमध्ये पियानो बनवला. १९१६ मध्ये तो वारला.

मग गाडी आली कुठून? युद्धाच्या काळात या वाद्यांच्या कारखान्यात विमानांचे पंखे बनत होते. युद्ध संपलं, ती यंत्रं पडून राहिली. त्यांचं करायचं काय, या विचारातून १९५५ मध्ये वायए-१ निघाली: १२५ सीसी, टू-स्ट्रोक, लोकांनी लाल चतुर असं लाडकं नाव ठेवलेली. त्याच जुलैत तिने फुजी पर्वतावरची चढणीची शर्यत मारली. नाव लावलं ते संस्थापकाचं, त्याला जाऊन ३९ वर्षं झाल्यावर. चिन्हही नादकाट्याचंच ठेवलं.

आता शेवटची आणि सगळ्यात उपयोगी तपासणी, चेनची. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद. हे महत्त्वाचं, कारण चालू इंजिनात चेनजवळ हात घालून बोटं गेलेली माणसं असतात. न्यूट्रल करून चाक हाताने हळूहळू फिरवा आणि चार-पाच ठिकाणी थांबून चेन खाली-वर करून बघा. एका जागी ढिली, दुसऱ्या जागी ताणलेली असेल तर चेन एकसारखी झिजलेली नाही, आणि चालताना तुम्हाला ठरावीक अंतराने येणारी ती कटकट बहुतेक हीच. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बाजूने चेन ओढा. दातापासून बरीच सुटून येत असेल किंवा दात विळ्यासारखे वाकलेले दिसत असतील, तर नुसती चेन बदलू नका. दोन्ही स्प्रॉकेट सोबत बदला, नाहीतर जुने दात नवी चेन खाऊन टाकतील.

एवढं करूनही आवाज राहिलाच, तर सकाळी लवकर मोकळा, सपाट रस्ता गाठा. हेल्मेट घालून तिशीच्या वेगावर जा, क्लच दाबून न्यूट्रल करा आणि ऐका. इंजिन स्लोवर आलं तरी आवाज चाकाच्या वेगाने येतोय? मग बेअरिंग किंवा ब्रेक, इंजिनाला हात लावू देऊ नका. गप्प झाला? मग सगळं जसं ऐकलं तसं कागदावर लिहा: कुठल्या गिअरला, किती वेगाला, क्लच दाबल्यावर की सोडल्यावर. तो कागद मिस्त्रीच्या हातात द्या.