देवराष्ट्रेच्या रमाबाई : आधी पाटी-पेन्सिल, मग नर्सिंग

कडेगाव : देवराष्ट्रे म्हटलं की आपल्याला यशवंतराव चव्हाण आठवतात. पण याच गावात त्यांच्या पन्नासेक वर्षं आधी कुर्लेकरांच्या घरी एक मुलगी जन्मली, यमुना. तीच पुढे रमाबाई रानडे झाली. ‘उंच माझा झोका’ मालिकेमुळे त्यांचं नाव घरोघरी पोचलं. मात्र आज आपल्या भागातल्या मुली नर्सिंगला जातात, त्या वाटेवर रमाबाईंचं किती काम आहे, हे फारसं कुणी सांगत नाही.

१८७३ साली, अकराव्या वर्षी त्यांचं लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी स्वतः शिकवायला घेतलं. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे अजिबात पटत नव्हतं. टोमणे रोजचेच. दिवसभर घरकाम आणि रात्री धडा, असं चाललं. रमाबाईंनी उलट उत्तर दिलं नाही आणि पुस्तकही सोडलं नाही. पुढे मुलींसाठी हायस्कूल हवं, ही मागणी त्यांनीच पुण्याच्या सभेत गव्हर्नरांसमोर इंग्रजीत वाचून मांडली. १८८४ साली हुजूरपागा शाळा सुरू झाली.

१९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. पुढे रमाबाई कामाला लागल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं. गोपाळ कृष्ण देवधर सोबतीला होते. त्या काळी दवाखान्यात शिकलेल्या नर्स हव्या होत्या आणि गावोगाव तरुण विधवा नुसत्या बसून होत्या. दोन्हींची सांगड घालायची तर मधे मोठी अडचण होती. परक्या माणसाची सेवा, सगळ्या जातींच्या रुग्णांना हात लावायचा, रात्रपाळी करायची. लोक या कामाला कमी लेखायचे. आणि त्यातल्या कित्येक बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचता आलं नाही, ताप मोजून लिहिता आला नाही, तर नर्स होणार कशी? म्हणून सेवासदनात मोठ्या वयाच्या बायांसाठी अगदी पहिलीपासून वर्ग चालवले गेले. थोरपणी शिकताना काय सोसावं लागतं, हे रमाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. १९११ पासून ससून रुग्णालयात सेवासदनच्या बायांचं नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं. त्यांच्या राहण्याची सोयही केली गेली. रानड्यांच्या घरच्या बाईच पाठीशी उभ्या, म्हटल्यावर घरच्यांचाही धीर वाढला.

१९२४ साली रमाबाई गेल्या. १९६२ मध्ये टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

आता काळ बदलला. बी.एस्सी. नर्सिंगला बारावी सायन्स लागतं. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत, वर राज्याची सीईटी आहे. तयारी अकरावीपासूनच धरावी, बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. पुण्यात किंवा मुंबईत कांदिवली-बोरिवलीकडं शिकायला गेलेल्या गावाकडच्या पोरींना इंग्रजीचीच धास्ती जास्त असते. त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, देवराष्ट्रेच्या या लेकीनं पाटी हातात घेतली ती लग्नानंतर.