विश्लेषण : किडनीच्या ‘डॉप्लर’ तपासणीला ज्यांचे नाव आहे, ते डॉप्लर कोण होते?

दोन-तीन गोळ्या सुरू असूनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टर अनेकदा ‘रीनल डॉप्लर’ करायला सांगतात. डॉप्लर हे एका शास्त्रज्ञाचे आडनाव. त्यांच्या अभ्यासाचा विषय मात्र मूत्रपिंड नव्हे, तर तारे हा होता.

पाथरवटाच्या घरात जन्म

ख्रिश्चन डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे झाला. घरचा व्यवसाय दगडकामाचा. पण प्रकृती नाजूक असल्याने ते शिक्षणाकडे वळले. शिकूनही कायमची नोकरी मिळेना. काही काळ त्यांनी सूतगिरणीत हिशेब लिहिले. अमेरिकेला जाण्याची तयारी झालेली असतानाच १८३५ मध्ये प्रागमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली.

सिद्धांत काय?

२५ मे १८४२ रोजी प्रागमध्ये त्यांनी जोडताऱ्यांच्या रंगांवर निबंध वाचला. लहरींचा स्रोत जवळ येत असेल तर वारंवारता वाढते, दूर जात असेल तर घटते, हे त्याचे सूत्र. ताऱ्यांच्या रंगांबाबतचा त्यांचा तर्क चुकला. नियम मात्र बरोबर होता. १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये धावत्या रेल्वेत वादक बसवून तो आवाजावर पडताळला गेला. तरीही १८५२ मध्ये व्हिएन्नात या सिद्धांतावर कडाडून टीका झाली. १७ मार्च १८५३ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, फुप्फुसाच्या आजाराने डॉप्लर यांचे व्हेनिसमध्ये निधन झाले.

किडनीशी संबंध काय?

सुमारे शंभर वर्षांनी जपानमध्ये हृदयाच्या तपासणीसाठी हा नियम अल्ट्रासाऊंडला जोडला गेला. पुढे तो मूत्रपिंडापर्यंत पोहोचला. साध्या सोनोग्राफीत मूत्रपिंडाचा आकार, सूज, खडे दिसतात. डॉप्लरमध्ये रक्ताचा वेग कळतो. धावत्या रक्तपेशींवर आदळून परतलेल्या लहरींची वारंवारता बदललेली असते. त्या फरकावरून वेग काढला जातो. पाइपचे तोंड दाबले की पाणी जोरात उडते, तसेच अरुंद झालेल्या धमनीत रक्त वेगाने धावते. हा वेग सेकंदाला साधारण १८० ते २०० सेंटिमीटरच्या वर गेला, तर मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाल्याची शंका घेतली जाते. न आटोपणाऱ्या रक्तदाबाचे ते एक कारण असते.

फायदा आणि मर्यादा

यात क्ष-किरण नसतात आणि सीटी अँजिओग्राफीसारखे कॉन्ट्रास्टचे इंजेक्शनही लागत नाही. त्यामुळे किडनी आधीच कमजोर असलेल्यांसाठी ही तपासणी सोयीची ठरते. पोटातील वायू आणि स्थूलपणामुळे मात्र चित्र अस्पष्ट येऊ शकते. म्हणूनच अनेक केंद्रांत रुग्णाला उपाशीपोटी बोलावतात.