न उच्चारलेलं नाव

बँकेत असताना मृत खातेदारांचे दावे अनेक वर्षं माझ्याच टेबलावर येत. नवरा गेलेली बाई समोर बसलेली असे आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देई ते शेजारी उभं असलेलं आठ-दहा वर्षांचं पोर. पासबुक कुठं आहे, सही कुठं करायची, सगळं त्यालाच ठाऊक. या पोरांचं पुढं काय होत असेल, हा प्रश्न घरी येईपर्यंत पाठ सोडत नसे. इरेन क्युरीचं आयुष्य वाचताना ती पोरं पुन्हा आठवली.

१९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसच्या रस्त्यात मालवाहू घोडागाडीखाली सापडून पिअर क्युरी गेले. इरेन तेव्हा आठ वर्षांची होती, धाकटी ईव्ह दीड वर्षाचीही नव्हती. आई म्हणजे मादाम मेरी क्युरी. ती नवऱ्याच्या जागी सोर्बोनमध्ये शिकवू लागली, प्रयोगशाळा सांभाळू लागली. पण घरात पार मिटून गेली. पिअरचं नाव काढायचं नाही, असा जणू दंडकच पडला. मुलींच्या शिक्षणात, व्यायामात तिनं काही उणं पडू दिलं नाही. वडिलांची आठवण मात्र त्यांना आईजवळ काढता येईना.

या घरात एक आधार होता : पिअरचे वडील, डॉक्टर युजेन क्युरी. त्यांचाही मुलगाच गेला होता, पण त्यांनी नातीला दुःखात ओढलं नाही. तिला झाडंपानं दाखवली, पुस्तकं वाचून दाखवली, मतं मांडायला शिकवलं. १९१० मध्ये आजोबाही गेले. इरेन बारा वर्षांची होती.

पुढचं वर्ष आणखी कठीण गेलं. शास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांच्याशी असलेल्या संबंधांवरून वर्तमानपत्रांनी मेरीवर चिखलफेक केली. त्याच १९११ साली तिला दुसरं नोबेल मिळालं आणि वर्षअखेरीस ती कोसळली. मूत्रपिंडाचा विकार होता, मनही खचलेलं होतं. पुढचे कित्येक महिने ती मुलींपासून दूर राहिली. या मायलेकींच्या पत्रांत मायेच्या शब्दांबरोबर गणितंही असत. ज्या आईला दुःख बोलता येत नव्हतं, तिला लेकीशी बोलायला ही एक वाट उरली होती.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. मेरीनं क्ष-किरणांची उपकरणं मोटारींत घालून आघाडीवर नेली आणि इरेनला सोबत घेतलं. अठराव्या वर्षाच्या सुमारास ही मुलगी बेल्जियममधल्या आघाडीच्या रुग्णालयात एकटीनं काम सांभाळत होती. जखमेत रुतलेला तुकडा नेमका किती खोल आहे, हे भूमितीनं काढून शल्यचिकित्सकांना सांगायचं. त्या धामधुमीत तिनं सोर्बोनच्या परीक्षाही दिल्या.

पुढं ती आईची सहकारी झाली. जानेवारी १९३४ मध्ये पती फ्रेदेरिक जोलिओसह तिनं कृत्रिम किरणोत्सर्ग शोधला, तो मेरीला पाहता आला. जुलैमध्ये मेरी गेली. १९३५ चं नोबेल या दांपत्याला मिळालं.

आईचं मन आपण बरं केलं पाहिजे, असं ओझं अशी मुलं नकळत उचलतात. ते त्यांचं काम नव्हे. त्यांना हवं असतं एखादं स्थिर माणूस आणि स्वतःचं म्हणावं असं काम. इरेनला दोन्ही मिळालं. तरी ओरखडे राहिलेच. ती अबोल, काहीशी तुटक म्हणूनच ओळखली गेली. किरणोत्सर्गानं पोखरलेलं तिचं शरीर १९५६ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगानं थकलं.

१९३२ मध्ये तिला मुलगा झाला होता. लहानपणी ज्या घरात एक नाव घ्यायची चोरी होती, त्या घरातल्या मुलीनं आपल्या लेकाचं नाव ठेवलं पिअर.