दमेकरी वैद्य आणि धाप लागणारी घोडी

दम्याच्या इतिहासात एका घोडीचाही वाटा आहे. तिचे नाव कुणी नोंदवून ठेवलेले नाही, पण तिची फुप्फुसे उघडून पाहणाऱ्या वैद्याचे नाव आजही घेतले जाते. सर जॉन फ्लॉयर हे ते नाव. माणसाच्या दम्यावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाला सव्वातीनशे वर्षे झाली. शर्यतीच्या, सवारीच्या किंवा वरातीच्या घोड्याला धाप लागली तर काय करावे, याचे उत्तर शोधतानाही त्यांच्या निरीक्षणांपासून सुरुवात करता येते.

फ्लॉयर यांचा जन्म १६४९ सालचा, इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यातील हिंट्स या खेड्यातला. वयात येताना त्यांना दमा जडला आणि तो आयुष्यभर सोबत राहिला. वैद्यक शिकायला ते ऑक्सफर्डला गेले. तिथे बराच काळ त्यांची छाती मोकळी असे. गावाकडे परतले, की दम्याचा जोरदार झटका येई. माणूस तोच, शरीर तेच, बदलत होती ती जागा आणि हवा. १६८० मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन त्यांनी गावाजवळच्या लिचफिल्ड शहरात व्यवसाय केला आणि रोग्यांबरोबर स्वतःच्या झटक्यांवरही नजर ठेवली.

या निरीक्षणांतून १६९८ मध्ये त्यांचे दम्यावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या काळी धाप लागणाऱ्या कुठल्याही आजाराला सरसकट दमा म्हणत. फ्लॉयर यांनी त्यातून झटक्याने येणारा आणि पुन्हा ओसरणारा दमा वेगळा काढला. झटक्यात श्वासनळ्या आवळल्या जातात, श्वास बाहेर टाकणे जड जाते, हे त्यांनी नोंदवले. धूळ, धूर, बदलते हवामान, श्रम यांनी झटका येतो आणि हा आजार घराण्यात उतरू शकतो, हेही त्यांनी लिहिले. मूळ कारण मात्र ते शरीरातील दोषांच्या बिघाडात शोधत राहिले. तो त्यांच्या काळाचाच समज होता.

याच अभ्यासात ती घोडी आली. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये प्रवास, शेती आणि लढाई सारे घोड्यावर चाले. ज्या घोड्याची धाप कायमची झाली, त्याला बाजारात कुणी विचारत नसे. अशाच एका मेलेल्या घोडीची फ्लॉयर यांनी चिरफाड केली. एरवी छाती उघडली की फुप्फुसे आक्रसतात. हिची हवेने फुगलेलीच राहिली. फुप्फुसातील हवेच्या पिशव्या फाटून हवा आत अडकली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आज ज्याला एम्फिसिमा म्हणतात, त्याच्या सुरुवातीच्या वर्णनांत याची गणना होते. स्टेथोस्कोपचे जनक लेनेक यांचे एम्फिसिमाचे प्रसिद्ध वर्णन त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, १८१९ मध्ये आले.

फ्लॉयर यांना दिसले ते खरे होते, पण त्याचा अर्थ बहुतेक घोड्यांना लागू पडत नाही. पिशव्या फाटल्या म्हणजे घोडा कामातून गेला, असाच समज पुढे रूढ राहिला. आता या आजाराला घोड्याचा दमा असेच नाव आहे. वाळल्या गवतातील बुरशीचे बीजाणू, धूळ आणि सूक्ष्म कण श्वासातून आत जातात. ज्या घोड्याला ते सोसत नाहीत, त्याच्या श्वासनळ्या सुजतात, आवळतात आणि चिकट कफाने भरतात. हवा आत अडकते आणि फुप्फुसे फुगलेली राहतात. बहुतेक वेळा फुप्फुस फाटलेले नसते. हवा बदलली की नळ्या बऱ्याच अंशी मोकळ्या होतात.

घोड्याला याचा त्रास जास्त का, हे त्याच्या श्वासावरून कळते. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. भरधाव पळताना दर टापेच्या फेऱ्याला एकच श्वास बसतो आणि मिनिटाला हजार लिटरहून अधिक हवा छातीतून आत-बाहेर होते. त्यामुळे थोडीशी सूजही शर्यतीत महागात पडते. आजार सौम्य असला, की घोडा उभा असताना ठणठणीत दिसतो. काम सुरू करताना एखाद-दुसरा खोकला, पळून आल्यावर बराच वेळ न बसणारी धाप, शेवटच्या टप्प्यात तुटणारा वेग, एवढीच चिन्हे असतात. घोडा आळशी झाला म्हणून त्याला चाबूक बसतो आणि आजार तसाच वाढतो. पुढे उभ्या घोड्याच्याही नाकपुड्या फुलतात आणि श्वास सोडताना बरगडीखाली आडवी रेघ उमटते.

महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरील घोडे दिवसाचा बहुतेक वेळ ठाणबंद असतात. सारंगखेड्याच्या बाजारात गर्दीची धूळ, तर माथेरानच्या वाटांवर लाल मातीचा फुफाटा असतो. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या परिसरात घोडे थोडे, पण धानाचे तणस घरोघरी. भिजून बुरसलेले तणस उकलताना उडणारी भुकटी माणसाच्याही फुप्फुसाला बाधते. शेतकऱ्याचे फुप्फुस या नावाने तो आजार वैद्यकात ओळखला जातो. जनावर आणि त्याचा मोतद्दार एकाच हवेत श्वास घेतात.

म्हणून उपचाराची सुरुवात तबेल्यातून होते. गवत खाऊ घालण्यापूर्वी अर्धा तास पाण्यात पूर्ण बुडवावे, ते पाणी फेकून द्यावे. आपल्याकडच्या उन्हात ओले गवत लवकर आंबते, म्हणून एका वेळेपुरतेच भिजवावे. बुरसलेले गवत भिजवूनही घालू नये. चंदी ओलसर करून द्यावी; कोरड्या चंदीचा तोबरा तोंडाला बांधणे म्हणजे नाकालाच धूळ लावणे. चारा जमिनीलगत ठेवावा, कारण मान खाली गेली की कफ वाहून जायला मदत होते. गवताची गंजी ठाणाच्या माथ्यावर नको आणि झाडलोट घोडा बाहेर असताना करावी. शक्य तितका वेळ त्याला मोकळ्या हवेत ठेवावे. शेजारच्या ठाणातले गवत कोरडेच राहिले, तर या कष्टांचे फळ मिळत नाही.

औषधेही आहेत. श्वासनळ्या सैल करणारी आणि सूज उतरवणारी स्टेरॉइडे तोंडावर बसणाऱ्या मुखवट्यातून देता येतात. पण ती पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच द्यावीत. शर्यतीपूर्वी ती ठरावीक काळ बंद करावी लागतात, नाहीतर घोडा उत्तेजक चाचणीत अडकतो. ताप असेल, नाकातून घट्ट पू येत असेल, तर तो दमा नव्हे. असा घोडा तत्काळ वेगळा बांधून पशुवैद्यकांना कळवावे, कारण ग्लँडर्ससारखा रोग माणसालाही होतो.

फ्लॉयर यांची जिज्ञासा दम्यापुरती नव्हती. थंड पाण्याच्या स्नानाचे ते मोठे पुरस्कर्ते होते. गंडमाळेने आजारी असलेल्या लहानग्या सॅम्युएल जॉन्सनला राणीच्या स्पर्शासाठी लंडनला न्यावे, असा सल्लाही त्यांनीच दिला; तोच मुलगा पुढे प्रख्यात कोशकार झाला. राणीच्या स्पर्शावर विश्वास ठेवणारा हाच वैद्य मोजमापाचाही आग्रही होता. बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ बनवून घेऊन त्यांनी नाडीचे ठोके मोजले आणि १७०७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. १७२४ मध्ये वृद्धांच्या आरोग्यावरचे त्यांचे पुस्तक आले. दम्यासह ऐंशी वर्षे ओलांडून १७३४ मध्ये त्यांनी देह ठेवला.

मोजण्याची ती सवय घोडा पाळणाऱ्यालाही उपयोगी आहे. निवांत उभ्या असलेल्या निरोगी घोड्याचे श्वास मिनिटाला साधारण ८ ते १६ असतात. सकाळी चारा घालण्यापूर्वी त्याच्या कुशीकडे पाहत ते मोजावेत आणि लिहून ठेवावेत. आकडा रोज चढू लागला, तर चाबूक खाली ठेवावा, पशुवैद्यकांना बोलवावे आणि गवत तपासावे.