आयडा बी. वेल्स : ‘फ्री स्पीच’च्या संपादिका

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ मध्ये पहिली दुरुस्ती झाली आणि तिने भाषणाच्या व मुद्रणाच्या स्वातंत्र्याला संरक्षण दिले. शासनाने हे स्वातंत्र्य हिरावून घेऊ नये, एवढीच तिची हमी होती. जमावाने छापखाना फोडला आणि शासन स्वस्थ बसून राहिले, तर लिहिणाऱ्याने काय करावे, याचे उत्तर त्या दुरुस्तीत नव्हते. ते उत्तर शोधण्यात एका शाळाशिक्षिकेचे आयुष्य खर्ची पडले. तिचे नाव आयडा बी. वेल्स. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हा त्या मुक्त झालेल्या समाजाची पहिली पिढी शाळेच्या बाकावर बसू लागली होती. आयडा वेल्स त्याच पिढीच्या.

त्यांचा जन्म १६ जुलै १८६२ रोजी मिसिसिपी राज्यातील होली स्प्रिंग्ज या गावी झाला. आईवडील गुलाम होते, म्हणून जन्मतः त्याही गुलामच. वडील जेम्स वेल्स कुशल सुतार होते. मुक्तीनंतरही ते पूर्वीच्याच कारखानदाराकडे काम करीत असत. निवडणूक आली तेव्हा आपण सांगू त्या पक्षाला मत द्यावे, अशी कारखानदाराची अपेक्षा होती. जेम्स यांनी स्वतःच्या मनाप्रमाणे मत दिले. परत येऊन पाहतात तो कारखान्याला कुलूप! त्यांनी वाद घातला नाही. नवी हत्यारे विकत घेतली, घर भाड्याने घेतले आणि स्वतंत्र धंदा सुरू केला. आई एलिझाबेथ मुलांबरोबर स्वतःही शाळेत जाऊन वाचायला शिकली. असा संस्कार आयडांना घरातच मिळाला.

१८७८ मध्ये पीतज्वराची साथ आली आणि आईवडील व तान्हा भाऊ दगावले. आयडा तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. उरलेल्या भावंडांना निरनिराळ्या घरी वाटून द्यावे, असा बेत वडीलधाऱ्यांनी केला. आयडांनी तो मान्य केला नाही. खेड्यातील शाळेत शिक्षिकेची नोकरी धरून त्यांनी घर एकत्र ठेवले. पुढे त्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहराच्या परिसरात शिकवू लागल्या.

१८८३ मध्ये रेल्वेच्या स्त्रियांच्या डब्यातून त्यांना उठून जाण्यास सांगण्यात आले. तिकीट त्याच डब्याचे होते. त्या उठल्या नाहीत, तेव्हा त्यांना ओढून बाहेर काढण्यात आले. त्यांनी कंपनीवर दावा लावला आणि १८८४ मध्ये ५०० डॉलर नुकसानभरपाईचा निकाल मिळवला. परंतु १८८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. या प्रकरणावर त्यांनी लेख लिहिला आणि त्यांची लेखणी चालू झाली. ‘आयोला’ या टोपणनावाने त्यांचे लेख कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होऊ लागले.

त्या काळी गुलामगिरी संपविणारा म्हणून रिपब्लिकन पक्ष कृष्णवर्णीयांना आपला वाटे आणि त्याच्यावर टीका करणारा माणूस घरभेद्या ठरे. आयडांनी १८८५ मध्ये लिहिले की, आपण दोन्हीपैकी कोणत्याच पक्षाच्या नाही. डेमोक्रॅटिक पक्षाने आपल्याला मालमत्ता मानले आणि रिपब्लिकन पक्षाने आपली सत्ता असताना दक्षिणेतील अत्याचार निमूटपणे चालू दिले, असे त्यांचे कारण होते. वयाच्या तेविसाव्या वर्षी घेतलेली ही भूमिका त्यांच्या पुढील पत्रकारितेचा पाया आहे.

१८८९ मध्ये त्या मेम्फिस येथील ‘फ्री स्पीच’ या साप्ताहिकाच्या भागीदार व संपादक झाल्या. शिक्षिकेची नोकरी चालूच होती. १८९१ मध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांची दुर्दशा त्यांनी आपल्या पत्रात मांडली. शाळा-मंडळाने त्यांना नोकरीवरून कमी केले. ज्या मुलांसाठी त्या बोलल्या, त्यांच्या पालकांना तरी याचे मोल कळावे! परंतु चांगली नोकरी कोणी अशी का घालवील, हेच त्यांना उमगेना. या उदासीनतेचे शल्य आयडांना नोकरी गेल्यापेक्षा अधिक टोचले. तरीही त्या खचल्या नाहीत. मिसिसिपी, आर्कान्सा, टेनेसी या राज्यांतून हिंडून त्यांनी वर्गणीदार मिळविले. अक्षरओळख नसलेले लोकही पत्र विकत घेत आणि दुसऱ्याकडून वाचून घेत. विक्रेते अशांच्या हाती भलतेच वर्तमानपत्र देऊन फसवतात, असे कळल्यावर ‘फ्री स्पीच’ गुलाबी कागदावर छापले जाऊ लागले, म्हणजे न वाचणाऱ्यालाही आपले पत्र ओळखता यावे.

मार्च १८९२ मध्ये या पत्राची खरी कसोटी लागली. मेम्फिसमध्ये काही कृष्णवर्णीयांनी भागीदारीत ‘पीपल्स ग्रोसरी’ नावाचे किराणा दुकान काढले होते. टॉमस मॉस हा टपालवाटप करणारा सज्जन गृहस्थ त्यांचा प्रमुख होता, आणि आयडांचा जिवलग मित्रही. शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या धंद्याला झळ लागली, भांडण पेटले, गोळीबार झाला. मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्टुअर्ट यांना तुरुंगात टाकण्यात आले. ९ मार्चच्या पहाटेपूर्वी जमावाने त्यांना तुरुंगातून ओढून नेऊन गोळ्या घातल्या. न्यायालयाबाहेर जमावाने माणूस मारण्याच्या या प्रथेला तिकडे लिंचिंग म्हणत. आपण आज झुंडबळी म्हणतो. गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनी मृतांनाच गुंड ठरविले.

जेथे जीव, मालमत्ता आणि न्याय यांपैकी काहीच सुरक्षित नाही ते शहर सोडून जावे, असा सल्ला ‘फ्री स्पीच’ने आपल्या वाचकांना दिला. हजारो लोक पश्चिमेकडे निघून गेले. मागे राहिलेल्यांनी ट्रामगाड्यांतून प्रवास करणे सोडले. कंपनीचे अधिकारी आयडांच्या कार्यालयात येऊन विचारू लागले की, तुमच्या लोकांना विजेची भीती वाटते काय? त्या अधिकाऱ्यांना मॉसच्या हत्येचा आणि रिकाम्या गाड्यांचा संबंध समजावून सांगावा लागला.

गोऱ्या स्त्रीवर अत्याचार केला म्हणून माणूस मारला, हे झुंडबळींचे ठरलेले समर्थन होते. मॉस तर तसल्या आरोपावाचूनच मारला गेला होता. तेव्हा आयडा इतर प्रकरणे तपासू लागल्या. त्यांना दिसले की, कित्येक ठिकाणी आरोपच वेगळा होता, तर कित्येक ठिकाणी स्त्रीपुरुषांचे संबंध परस्परसंमतीचे होते. मे १८९२ मध्ये त्यांनी अग्रलेखात सूचित केले की, या समर्थनावर आता कोणाचा विश्वास उरलेला नाही. शहरातील गोऱ्या वृत्तपत्रांनी लेखकाला शासन करण्याचे जाहीर आवाहन केले. लेखक पुरुषच असणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. २७ मे रोजी जमावाने छापखाना उद्ध्वस्त केला आणि पत्र पुन्हा काढणाऱ्यास ठार मारू, अशी चिठ्ठी तेथे ठेवली. आयडा त्या वेळी प्रवासात होत्या, म्हणून वाचल्या. मेम्फिसला परतणे आता शक्य नव्हते.

न्यूयॉर्कला टी. टॉमस फॉर्च्यून यांच्या ‘न्यूयॉर्क एज’ या पत्राने त्यांना आश्रय दिला. आयडांनी ‘फ्री स्पीच’च्या वर्गणीदारांची यादी त्या पत्राला दिली आणि त्याच्या बदल्यात पत्राची चौथाई भागीदारी घेतली. जून १८९२ मध्ये त्यांचा सविस्तर लेख प्रसिद्ध झाला आणि त्या अंकाच्या दहा हजार प्रती निघाल्या. गुलामगिरीविरोधी चळवळीचे वयोवृद्ध नेते फ्रेडरिक डग्लस यांनी त्यांना भेटून सांगितले की, हा लेख वाचेपर्यंत आपल्यालाही त्या समर्थनात काही तथ्य असावे असे वाटू लागले होते. एकच गोष्ट रोज छापून आली, तर पीडितांचा पुढारीही आपल्याच लोकांविषयी साशंक होतो! न्यूयॉर्क व ब्रुकलिन येथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी सभा भरवून निधी जमविला आणि त्यातून आयडांची पहिली पुस्तिका छापली गेली.

आयडांची पद्धत येथे नीट समजून घेतली पाहिजे. आपल्या बाजूच्या साक्षीवर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे त्या ओळखून होत्या. म्हणून त्यांनी आकडे घेतले ते ‘शिकागो ट्रिब्यून’ या गोऱ्यांच्याच वृत्तपत्रातून. १८९५ च्या ‘अ रेड रेकॉर्ड’ या पुस्तकात त्यांनी नाव, गाव, तारीख आणि आरोप यांची कोष्टकेच दिली. १८९२ या एका वर्षात २४१ माणसे अशी मारली गेली आणि त्यांतील १६० कृष्णवर्णीय होती. बलात्काराचा नुसता आरोप तरी होता अशी प्रकरणे एकतृतीयांशाच्या आसपास भरत. विरोधकाच्याच दप्तरातून त्याचा खोटेपणा सिद्ध केल्यावर शिव्यांखेरीज त्याच्या हाती काय उरते? त्या शिव्या मात्र आयडांना भरपूर मिळाल्या.

१८९३ आणि १८९४ मध्ये त्या ब्रिटनमध्ये व्याख्यानांसाठी गेल्या. पहिले निमंत्रण देणाऱ्यांत कॅथरिन इम्पी या होत्या आणि त्यांच्या मासिकाचे नाव ‘अँटी-कास्ट’, म्हणजे जातिविरोधी, असे होते, हे आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. तेथे आयडांना विरोधकांपेक्षा मित्रांशी झालेला वाद जड गेला. मद्यपानबंदीच्या चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड या पुरोगामी म्हणून जगभर आदरणीय होत्या. परंतु १८९० च्या एका मुलाखतीत त्यांनी दक्षिणेतील गोऱ्यांच्या भयाला दुजोरा देऊन कृष्णवर्णीयांना दोष दिला होता. आयडांनी ती मुलाखत ब्रिटनमध्ये पुन्हा छापून आणली. अशाने चळवळीत फूट पडेल, असे हितचिंतकांना वाटले. परंतु मित्राच्या असत्याने मारला गेलेला माणूसही मेलेलाच असतो.

या प्रचाराचा परिणाम झाला. १८९४ मध्ये मेम्फिसजवळ सहा कृष्णवर्णीयांची हत्या झाली तेव्हा शहरातील गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनी आणि व्यापाऱ्यांनी तिचा निषेध केला. आरोपी पुढे सुटले, ही गोष्ट खरी. पण दोन वर्षांपूर्वी निषेधाचा शब्दही निघाला नव्हता.

१८९५ मध्ये त्यांनी वकील व पत्रकार फर्डिनंड बार्नेट यांच्याशी विवाह केला आणि शिकागो येथे ‘कन्झर्व्हेटर’ हे पत्र चालविले. चार मुलांचा संसार सांभाळून त्यांचे सार्वजनिक कार्य सुरू राहिले. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या तडजोडीच्या धोरणावर टीका करून त्यांनी आपल्याच समाजातील वजनदारांची नाराजी ओढवून घेतली. १९१७ मध्ये ह्यूस्टन प्रकरणात फाशी दिलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या स्मरणार्थ त्यांनी बिल्ले वाटले. महायुद्धाचे दिवस होते. सरकारी हेर घरी आले आणि राजद्रोहाची भीती घालू लागले. आयडांनी बिल्ले वाटणे थांबविले नाही.

आर्कान्सातील एलेन येथे १९१९ मध्ये शेतमजुरांचे हत्याकांड झाले. वृत्तपत्रांनी ते मजुरांचेच बंड म्हणून रंगविले आणि बारा मजुरांना फाशीची शिक्षा झाली. १९२० च्या प्रारंभी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आयडा कैद्यांच्या नातेवाईक म्हणून तुरुंगात शिरल्या, हकिगती ऐकून घेतल्या आणि पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या लढ्यानंतर ते बाराही जण सुटले. योगायोग असा की, ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. बहिष्कृतांना स्वतःचे पत्र का हवे, हा प्रश्न मेम्फिसचा तसाच मुंबईचाही होता.

२५ मार्च १९३१ रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र एका अर्धवट वाक्यावर थांबले आहे. कन्या अल्फ्रेडा डस्टर यांच्या संपादनाखाली ते १९७० मध्ये प्रकाशात आले. २०२० मध्ये त्यांना पुलित्झर पुरस्काराचा विशेष सन्मान मरणोत्तर मिळाला. ज्या कायद्यासाठी त्या झगडल्या, तो झुंडबळीविरोधी संघीय कायदा २०२२ मध्ये झाला. छापखाना उद्ध्वस्त झाल्याला तेव्हा १३० वर्षे होत आली होती.

आज भाष्यकारांना तोटा नाही. प्रत्येक पक्षाला आपला भाष्यकार निर्भीड वाटतो आणि दुसऱ्याचा विकलेला. वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्या मुलामुलींनी अशा वेळी आयडा वेल्स यांची कोष्टके आठवावीत. बोलणारा कोणत्या बाजूचा आहे हे पाहण्याआधी त्याने नाव, गाव आणि तारीख दिली आहे काय, हे विचारावे; तोच प्रश्न आपल्या आवडत्या वक्त्यालाही विचारावा. आणि पालकांनी एवढे करावे : शाळेतील उणीव दाखविणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी, त्याची नोकरी जाण्यापूर्वीच, उभे राहावे.