विलायत, अमेरिका आणि मगनवाडी

वर्ध्याचे मगन संग्रहालय पाहावयास येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा हे नाव ठाऊक असते. प्रस्तुत लेखकालाही पदव्युत्तर परीक्षेपर्यंत अर्थशास्त्राच्या कोणत्याही नेमलेल्या पुस्तकात हे नाव आढळले नव्हते. वस्तुतः कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या या अर्थशास्त्रज्ञाने आयुष्यातील उमेदीची वर्षे आपल्या वर्ध्यात वेचली. आज मध्यमवर्गीय घरांतील मुले कर्ज काढून परदेशी शिक्षणास निघतात. अशा वेळी त्यांच्या चरित्राकडे पुन्हा वळणे उचित ठरेल.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्या वेळी त्यांचे आडनाव कॉर्नेलियस होते. १९१३ साली, एकविसाव्या वर्षी ते लंडनला गेले, हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतले आणि १९१९ साली परतून मुंबईत व्यवसायास लागले. विलायतेने त्यांना काटेकोर शिस्त दिली, उत्तम अर्थार्जनाचे साधन दिले आणि साहेबी राहणीही दिली. एवढ्यावरच कथा संपती तर त्यांचे चरित्र लिहिण्याचे कोणास कारण पडले नसते.

कलाटणी मिळाली ती दुसऱ्या प्रवासात. १९२७ साली ते अमेरिकेस गेले. सिरॅक्यूज विद्यापीठाची व्यवसाय-प्रशासनातील पदवी घेऊन ते कोलंबियात प्रा. सेलिग्मन यांच्या हाताखाली सार्वजनिक आयव्ययाचा अभ्यास करू लागले. तेथे एका चर्चमध्ये त्यांनी भारताच्या दारिद्र्यावर व्याख्यान दिले. त्याचे वृत्त वर्तमानपत्रात वाचून सेलिग्मन यांनी याच विषयावर प्रबंध लिहिण्याचे सुचविले. परक्या देशातील प्राध्यापकाने हिंदी विद्यार्थ्याला त्याच्याच देशाचा जमाखर्च तपासावयास लावले, असा हा योग होता. हिशेबतपासनिसाची नजर मग सरकारी अंदाजपत्रकावर पडली. महसुलाचा मोठा वाटा लष्कर, कर्जावरील व्याज व प्रशासन यांवर खर्ची पडतो आणि शिक्षण व आरोग्य यांच्या वाट्याला अल्पस्वल्पच उरते, हे आकड्यांनीच त्यांना दाखविले. भावनेने नव्हे, तर हिशेबाने ते राष्ट्रवादी झाले.

१९२९ च्या मे महिन्यात प्रबंध घेऊन ते साबरमतीस गांधीजींना भेटले. गांधीजींनी तो 'यंग इंडिया'त क्रमशः छापण्याचे ठरविले आणि गुजरातेतील खेड्यांची आर्थिक पाहणी करण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसह त्यांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची पाहणी केली. कॉर्नेलियस हे नाव सोडून त्यांनी घराण्याचे जुने नाव घेतले, सुटाची जागा खादीने घेतली आणि पुढे अनेकदा तुरुंगवासही वाट्यास आला.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेवर वर्ध्यात मगनवाडी उभी राहिली आणि संघाचा कारभार कुमारप्पांकडे आला. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, गूळ, मधमाशापालन यांवर तेथे प्रयोग होत. अखाद्य तेलावर जळणारा मगनदीप तेथलाच. ३० डिसेंबर १९३८ रोजी संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झाले. पुढे जबलपूरच्या तुरुंगात कुमारप्पांनी चिरस्थायी अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ लिहिला. खाणीतील कोळसा व तेल हा सरता साठा असून त्यावर उभारलेले अर्थकारण माणसांना झगड्याकडे नेते. उलट झाडे, पाणी, पशू यांच्या अखंड प्रवाहावरील अर्थकारण टिकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. विकासाच्या मर्यादांवरील जगप्रसिद्ध अहवाल १९७२ साली आला; शूमाखर यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात कुमारप्पांचा आधार घेतला. त्यापूर्वीच, ३० जानेवारी १९६० रोजी, मदुराई येथे त्यांचे निधन झाले होते.

कुमारप्पांची सर्व मते आज स्वीकारावीत, असे म्हणणे नाही. घाणीचे तेल गिरणीच्या तेलाशी किमतीत कसे टिकावे, हा प्रश्न त्यांच्या काळातही होता आणि आजही सुटलेला नाही. केवळ त्यागाचे गोडवे गाऊनही भागणार नाही. वृद्ध आईवडिलांचा भार असलेल्या मुलाने मगनवाडीत राहावे, असा उपदेश करण्याचा अधिकार आम्हां पगारदार प्राध्यापकांना नाही.

परंतु एक गोष्ट या चरित्रातून निर्विवाद दिसते. परदेशगमनाने माणूस आपोआप बदलत नाही; लंडनची सहा वर्षे आणि अमेरिकेची दोन वर्षे यांची फळे किती भिन्न निघाली! पहिल्या वेळी त्यांनी एक व्यवसाय आणला, दुसऱ्या वेळी एक प्रश्न आणला. व्यवसायाने पोट भरले, प्रश्नाने आयुष्य भरले. कापूस-सोयाबीनच्या या जिल्ह्यातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने पदवी अवश्य मिळवावी, नोकरीही करावी. पण आपल्या गावाचा जमाखर्च का जुळत नाही, हा प्रश्न त्याने बरोबर न्यावा; आणि तो विचारावयास शिकविण्याचे काम त्याने विमानात बसण्यापूर्वी आपल्याच वर्गांत व्हावयास हवे.